भाड्याच्या फ्लॅटची कामं आणि ठेकेदार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, ठाणे या पट्ट्यात पंधरा-वीस वर्षं जुना फ्लॅट घ्यायचा, दुरुस्त करायचा आणि भाड्याने द्यायचा किंवा काही वर्षांनी विकायचा, असं करणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. स्वतःच्या राहत्या घराचं काम आयुष्यात एकदा-दोनदा निघतं. भाड्याच्या फ्लॅटची कामं सतत निघत राहतात, म्हणून इथे चांगला ठेकेदार टिकवणं हे दर पाडून घेण्यापेक्षा जास्त पैसे वाचवतं. रिकाम्या फ्लॅटचं भाडं बुडतं, मेंटेनन्स मात्र चालूच राहतो.

चांगला ठेकेदार शोधायचा कुठे?

ज्या भागात फ्लॅट आहे तिथल्याच सोसायट्यांमध्ये. वॉचमन आणि सोसायटीचा मॅनेजर यांना माहीत असतं की कोणाची माणसं वेळेवर येतात आणि कोण जिन्यात राडारोडा टाकून पसार होतो. हार्डवेअरच्या दुकानदारालाही विचारा. पण कोण मोठी खरेदी करतो असं विचारू नका, कोण उधारी वेळेवर फेडतो असं विचारा. ज्याची दुकानात उधारी थकली आहे, तो तुमच्या ॲडव्हान्सने आधी तीच फेडणार.

त्याचं काम पाहायला जाल तेव्हा नुकतंच संपलेलं घर पाहू नका. नव्या रंगात सगळंच चांगलं दिसतं. दोन पावसाळे काढलेलं घर दाखवा म्हणा, आणि जमलं तर त्या घराच्या खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याची बेल वाजवा. बाथरूम कसं केलंय हे त्याच्या छताइतकं दुसरं कोणी खरं सांगत नाही.

सुतार आणि प्लंबर एकमेकांबद्दल काय बोलतात तेही ऐकावं. टाइल्सवाल्याच्या हाताचा अंदाज त्याच्यामागून नळ बसवणाऱ्या प्लंबरला जितका असतो, तितका मालकाला नसतो.

एकच ठेकेदार घ्यावा की सुतार, प्लंबर, रंगारी वेगवेगळे?

नुसता रंग आणि किरकोळ दुरुस्ती असेल तर वेगवेगळे चालतात. बाथरूम फोडायचं असेल, वायरिंग बदलायचं असेल, तर एकाच्याच गळ्यात काम द्या. गळती निघाली की प्लंबर टाइल्सवाल्याकडे बोट दाखवतो, टाइल्सवाला वॉटरप्रूफिंगवाल्याकडे, आणि मधे उभे राहता तुम्ही. एका माणसाकडे काम दिल्यावर जे थोडे जास्त पैसे जातात, ते या भांडणातून सुटका होण्याचे आहेत असं समजा.

तीन कोटेशनं आली आणि तिन्हींत मोठा फरक आहे. कोणतं खरं?

बहुधा तिन्ही खरी असतात, फक्त तिघांनी वेगवेगळं काम धरलेलं असतं. "बाथरूम पूर्ण करून देणार" या एका ओळीत एकाने जुनी फरशी फोडून ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा, पाणी अडवणारा थर) आणि कोटिंग धरलेलं असतं, दुसरा जुन्या टाइल्सवरच नव्या चिकटवणार असतो. म्हणून कोटेशन मागण्याआधी कामाची यादी तुम्हीच लिहा आणि तिघांना तीच द्या.

यादीत काय असावं? वायर कुठली ते जाडीसकट: लाइट-पंख्याला दीडची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर), प्लगला अडीचची, गीझर आणि एसीला चारची. पाइप सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणारा प्लास्टिकचा) की आणखी काही. सिंकखालचं कपाट ओलं होतं, तिथे आयएस ७१० (भारतीय मानकाचा क्रमांक) चं मरीन प्लाय. कोरड्या खोलीतल्या कपाटाला आयएस ३०३ चं चालतं. टाइल्स बाथरूममध्ये किती फुटांपर्यंत चढवायच्या. पुट्टीचे हात किती, रंगाचे किती. राडारोडा खाली नेऊन उचलून न्यायचा खर्च कोणाचा, हेही लिहा. चौथ्या मजल्याला लिफ्ट नसेल किंवा सोसायटी लिफ्टमधून माल नेऊ देत नसेल, तर हा आकडा चांगलाच मोठा होतो.

यादी दिल्यावर कोटेशनं जवळजवळ येतात. तरीही एखादं फारच खाली राहिलं, तर त्याला फोन करून विचारा, "यात तुम्हाला सुटणार काय?" धंद्याला नवा असेल, हाताशी काम नसेल, तर तसं सांगेल, त्याला काम द्यायला हरकत नाही. उत्तर गोलगोल आलं तर सोडून द्या. कमी दरात घेतलेलं काम तो तोट्यात पूर्ण करत नाही. मधेच थांबतो, किंवा भिंतीच्या आत जे दिसत नाही त्यात वाचवतो.

घासाघीस करूच नये का?

करा, पण एकदाच आणि काम सुरू होण्याआधी. काम संपल्यावर शेवटच्या बिलातून "राउंड फिगर करा" म्हणत पंधरा हजार कापणारे मालक फार असतात. ठेकेदार ते विसरत नाहीत. पुढच्या कामाच्या दरात ते पंधरा हजार आधीच घातलेले असतात.

आणि एक वाक्य टाळा: "दर नीट लावा, माझी पुढची चार कामं तुम्हालाच." हे वाक्य त्याने आजवर प्रत्येक मालकाकडून ऐकलेलं आहे. पुढचं काम असेल तेव्हा द्या, न बोलता.

मटेरियल कोणी आणायचं?

डोळ्याला दिसतं ते तुम्ही घ्या: टाइल्स, नळ, बेसिन, कमोड, स्विच, दिवे. सिमेंट, वाळू, पाइप, खिळे-स्क्रू, चिकटवायचा माल त्याच्याकडे ठेवा. बाराशे रुपयांच्या सामानासाठी काम अर्धा दिवस अडलं, तर नुकसान दोघांचंही होतं.

दुकानदार ठेकेदाराला किंवा सुताराला कमिशन देतो, रंगाच्या डब्यात रंगाऱ्यासाठी कूपन निघतं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यावरून तंटा करण्यात अर्थ नाही. कंपनी आणि ग्रेड लिहून घ्या, माल उतरला की पाटी-शिक्का पाहा, बिल तुमच्या नावावर मागा. कमिशन त्याला मिळू द्या. ग्रेड खाली यायला नको, एवढंच पाहायचं.

टाइल्स घेताना तुटफुटीचे पाच ते दहा टक्के जास्त घ्या आणि उरलेला एक बॉक्स फ्लॅटच्या माळ्यावर ठेवून द्या. पाच वर्षांनी तीच छटा बाजारात मिळत नाही.

उक्तं द्यावं की मोजमापावर?

ज्याचं माप आधी काढता येतं ते उक्तं, म्हणजे आधीच ठरवलेल्या एका रकमेत; ज्याचं येत नाही ते मापावर. स्वयंपाकघराचा ओटा, दोन बाथरूम, रंग हे उक्तं सहज देता येतं. प्लास्टर किती ठिकाणी पोकळ निघेल ते ठोकून पाहिल्याशिवाय कळत नाही. तिथे ब्रासचा दर ठरवा आणि जेवढं निघेल तेवढे पैसे. शंभर चौरस फूट म्हणजे एक ब्रास, पण वाळू-खडीचा ब्रास शंभर घनफुटांचा असतो. बिलात दोन्ही येतात, तेव्हा गोंधळू नका.

मापं दोघांनी मिळून घ्यायची, टेप एका टोकाला त्याची आणि दुसऱ्या टोकाला तुमची. रंगाला खिडकी-दारांची वजावट धरायची की नाही, स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची टाइलची पट्टी) लांबीच्या फुटावर की फरशीतच, हे टेप लावण्याआधी बोलून घ्या. मापांवरून होणारी बहुतेक भांडणं आकड्यांची नसतात. काय धरायचं तेच ठरलेलं नसतं.

ॲडव्हान्स किती द्यावा? पुढचे पैसे कसे सोडावेत?

हा खरा प्रश्न आहे, बाकीचे याच्याभोवती फिरतात.

छोट्या ठेकेदाराकडे भांडवल नसतं. मिस्त्री आणि बिगारी यांना आठवड्याला खर्ची द्यावी लागते, काहींनी त्याच्याकडून गावाकडच्या लग्नाला किंवा आजारपणाला उचल घेतलेली असते. एका साइटचे पैसे अडकले की तो दुसऱ्या साइटच्या पैशातून खर्ची भागवतो, आणि माणसंही तिकडेच हलवतो. तुमच्या साइटवर दोन दिवस कोणी आलं नाही याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. तेव्हा जो मालक ठरलेल्या दिवशी ठरलेले पैसे देतो, त्याच्याकडे माणसं आधी येतात. दोनशे रुपये दर कमी असला तरी येतात.

पण मोठा ॲडव्हान्स देऊन हे साधत नाही. मोठ्या रकमेने आधीच्या साइटची भोकं बुजवली जातात. लहान टप्पे आणि चोख तारीख, हे जमवायचं. समजा काम ४ लाखांचं आहे. बयाणा ४० हजार. तोडफोड होऊन राडारोडा खाली गेला आणि भिंतीतले पाइप, वायरिंगच्या नळ्या बसल्या की ८० हजार. वॉटरप्रूफिंग होऊन पाण्याची चाचणी पास झाली की ६० हजार. फरशी आणि टाइल्स झाल्या की १ लाख. रंग आणि फिटिंग झाल्यावर ८० हजार. उरलेल्या बारीकसारीक कामांची यादी संपली की २० हजार, आणि शेवटचे २० हजार पहिला पावसाळा गेल्यावर.

प्रत्येक टप्पा डोळ्यांनी पाहता येईल असा ठेवा. "५० टक्के काम झाल्यावर" असं लिहिलं की ५० टक्के म्हणजे काय यावरच आठवडा जातो. टप्पा झाला की त्याच दिवशी पैसे टाका, त्याने मागण्याआधी. मागायला लागणं त्याला आवडत नाही, आणि चार वेळा मागावं लागलं की तो तुमच्या कामातून मनाने उठतो.

शेवटची अडवलेली रक्कम मात्र सुरुवातीलाच सांगितलेली हवी आणि दिलेल्या तारखेला, फोन न येताही, द्यायला हवी. ती दिलीत की पुढच्या कामाला तो पैसे अडवायला कधी नाही म्हणत नाही.

ओळखीचा माणूस आहे. तरी लिहून घ्यायचं? त्याला वाईट वाटेल.

स्टॅम्प पेपरवरचा करारनामा समोर केला तर वाटेलही. एक पानभर मराठीत लिहा: कामाची यादी, दर, टप्पे, सुरुवात आणि शेवट, माल कोणाचा, किती महिने दुरुस्ती फुकट. दोघांनी सही करा, फोटो काढून दोघांच्या व्हॉट्सॲपवर ठेवा. "अहो, मीच विसरतो, म्हणून लिहून ठेवतो" असं म्हणून पुढे केलेल्या कागदावर आजवर कोणी रुसलेलं मी पाहिलं नाही.

उशिराबद्दल दंडाची ओळ घालणारे असतात. मी घालत नाही, कारण उशिराचं कारण निम्म्या वेळा मालकच असतो: टाइल्स पसंत नाहीत, सोसायटीची परवानगी नाही, पैसे उद्या.

काम सुरू असताना बदल सुचला तर?

सांगा, पण मिस्त्रीला नको, ठेकेदाराला. "इथे एक प्लग वाढव" असं मिस्त्रीला सांगितलं की तो वाढवतो, आणि शेवटी बिलात "एक्स्ट्रा" म्हणून अकरा ओळी निघतात. प्रत्येक बदल व्हॉट्सॲपवर एका ओळीत: काय, किती पैसे, किती दिवस. त्याचा "ओके" आल्यावरच काम.

भाड्याच्या फ्लॅटमध्ये बदलाचा मोह कमीच ठेवावा. राहत्या घरासारखा पीओपीचा थाट भाडं फारसं वाढवत नाही. चांगला पाण्याचा दाब, गळका नसलेला नळ आणि पुरेसे प्लग यांवर भाडेकरू टिकतो.

साइटवर किती वेळा जावं?

रोज जाऊन उभं राहिलात तर माणसं काम तुमच्यासमोर करतात, तुमच्यामागे नाही. ठराविक वेळा मात्र चुकवू नका.

पहिली, भिंतीतल्या नळ्या आणि पाइप प्लास्टरखाली जाण्याआधी. प्रत्येक भिंतीचा फोटो टेप लावून काढा. पुढे पडद्याचा ब्रॅकेट ठोकताना ड्रिल पाइपात जाणार नाही. पाइपांची प्रेशर टेस्टही तेव्हाच, टाइल्स लागल्यावर नाही. दुसरी, बाथरूमचं पाणी. वॉटरप्रूफिंग झालं की पाणी जायच्या जाळ्यांची तोंडं बंद करून दोन-तीन इंच पाणी भरायचं, ४८ तास ठेवायचं आणि खालच्या शेजाऱ्याचं छत बघायचं. ठेकेदार "एक रात्र पुरे" म्हणतो. पुरत नाही. तिसरी, फरशीचा उतार: बादलीभर पाणी ओता आणि ते जाळीकडे जातंय की दाराकडे ते पाहा.

नव्या प्लास्टरवर किमान सात दिवस पाणी मारलं जातंय ना, हेही बघा. हे काम कोणाचंच नसतं. वॉचमनला थोडे पैसे देऊन त्याच्याकडे सोपवलेलं बरं पडतं.

चूक दिसली तर बिगाऱ्यासमोर ठेकेदाराला झाडू नका. बाजूला घेऊन, फोटो दाखवून बोला. चारचौघांत अपमान झालेला माणूस तुमची टाइल बदलतो, पण त्यानंतर फोन उचलत नाही.

"उद्या येतो" म्हणतात आणि माणसं येतच नाहीत. काय करावं?

आधी कॅलेंडर पाहा. सुतार आणि मार्बलवाले पुष्कळदा राजस्थान, उत्तर प्रदेशचे; होळीला आणि दिवाळीला गावी जातात. बिहारची माणसं छठपूजेला जातात आणि लगेच परतत नाहीत. बंगालचे मिस्त्री ईदला. मराठवाडा-विदर्भातली माणसं पेरणीला आणि पोळ्याला गावाकडे वळतात. लोकसभा-विधानसभेचं मतदान असलं की आणखी चार दिवस धरा. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस तर रंगारी कोणालाच मिळत नाही, कारण अख्ख्या गावाला तेव्हाच रंग काढायचा असतो. भाडेकरू निघण्याची तारीख तुमच्या हातात असेल तर काम अशा दिवसांत अडकवू नका.

सण नसतानाही माणसं येत नसतील, तर दोनच शक्यता: पैसे अडकलेत किंवा दुसरीकडे जास्त घाई आहे. सरळ विचारा, "खर्चीची अडचण आहे का?" पुढचा टप्पा जवळ आला असेल तर त्यातले पाच हजार आज देऊन काम सुटतं. ते टप्प्यातून वळते केले असं लिहून ठेवा.

सोसायटीशी कोणी बोलायचं?

तुम्ही. ठेकेदाराला कमिटीपुढे एकट्याने पाठवू नये. तिथे त्याला कोणी खुर्चीही देत नाही. परवानगीचं पत्र, डिपॉझिट, कामाची वेळ, लिफ्टचा नियम हे काम सुरू होण्याआधी स्वतः मिटवा. पुण्यात दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद हा नियम बऱ्याच सोसायट्यांत आहे आणि तो मनापासून पाळला जातो. म्हणजे माणसांचे दिवसाचे दोन तास गेले. ठेकेदाराने दिवस मोजताना ते धरलेत का ते विचारा.

खांब, बीम, भारवाही भिंत यांना हात लावायचा नाही. "काही होत नाही साहेब, सगळेच काढतात" असं ठेकेदार म्हणाला तरी. स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि महापालिकेची परवानगी यांशिवाय केलेल्या बदलाची नोटीस मालकाच्या नावाने येते, ठेकेदाराच्या नाही.

बिल पक्कं घ्यावं का? जीएसटीमुळे १८ टक्के वाढतात.

ठेकेदाराची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणी बंधनकारक नाही, आणि नोंदणी नसेल तर त्याने जीएसटी लावायचाच नसतो. लावला असेल तर बिलावरचा १५ अक्षरी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकून पाहा. नोंदणी नसलेल्याकडूनही सही असलेलं साधं बिल घ्या.

पुष्कळ मालक म्हणतात, बिलाचा उपयोग काय? घरभाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के प्रमाणित वजावट सरसकट मिळते, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च वेगळा दाखवता येत नाही, हे खरं. पण फ्लॅट विकताना सुधारणेचा भांडवली खर्च, म्हणजे ज्याने मालमत्तेत भर पडली असा खर्च, भांडवली नफा काढताना धरता येतो. नुसत्या रंगाचा नाही. तेव्हा दहा वर्षांपूर्वीचं बिल आणि बँकेतून गेलेले पैसे दोन्ही लागतात.

रोख द्यायचेच असतील तर एका कामापोटी एका माणसाने २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, हे त्यालाही सांगा. दंड घेणाऱ्याला असतो. एका वर्षात एकाच ठेकेदाराला ५० लाखांच्या वर दिले तर व्यक्तीलाही टीडीएस कापावा लागतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो २ टक्के आहे. एवढी कामं असतील तर सीएला आधी विचारा.

कामगाराला इजा झाली तर?

बाहेरच्या बाजूला ड्रेनेजचा पाइप बदलायला झुल्यावर माणूस चढतो तेव्हा पट्टा आहे का, ते स्वतः बघा. नसेल तर काम थांबवा. ठेकेदार मोठा असेल तर विमा विचारा. छोटा असेल तर त्या कामापुरती कामगार भरपाईची पॉलिसी काढायला सांगा आणि तिचा खर्च तुम्ही उचला.

आणखी एक करता येतं. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार तो देण्यात चालढकल करतो. तुमच्या साइटवरच्या मिस्त्रीला तो मिळवून द्यायला ठेकेदाराच्या मागे लागा.

काम बिघडलं आणि तो दाद देत नाही. आता?

फ्लॅट नवा असेल तर आधी थांबा. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर तो बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तुमच्या ठेकेदाराने आधीच तिथे फोडाफोड केली असेल तर बिल्डर त्याच्यावर ढकलून मोकळा होतो. म्हणून फोटो आणि लेखी कळवणं आधी, हातोडा नंतर.

ठेकेदाराशीच वाद असेल तर अडवलेली रक्कम हे तुमचं मुख्य हत्यार. ग्राहक आयोगात जाता येतं, मुदत दोन वर्षांची. पण ग्राहक कायद्यात व्यावसायिक हेतूने घेतलेली सेवा बसत नाही, आणि चार-पाच फ्लॅट भाड्याने देणाऱ्याबाबत समोरचा वकील हाच मुद्दा काढणार. त्यामुळे मधला माणूस गाठा: ज्याने ओळख करून दिली तो, किंवा ज्याच्याकडून तो माल उचलतो तो दुकानदार. दुकानदाराचा शब्द त्याला मोडता येत नाही.

मी दुबईत राहतो. फ्लॅट नाशिकला आहे. हे सगळं कसं जमणार?

टप्पे आणखी लहान करा आणि प्रत्येक टप्पा पाहायला तिथला एखादा निवृत्त सिव्हिल इंजिनिअर पैसे देऊन नेमा. चुलतभावाला सांगू नका. त्याला फी देता येत नाही आणि त्याच्यावर रागावताही येत नाही.

काम संपलं. आता वर्षभर त्याच्याशी संबंध ठेवायचा कसा?

छोट्या कामातून. भाडेकरूचा फोन येतो, फ्लश वाहतोय. ठेकेदार आपला प्लंबर पाठवतो, वीस मिनिटांचं काम, आणि "राहू द्या साहेब" म्हणतो. राहू देऊ नका. येण्याजाण्याचे आणि कामाचे पैसे त्याच दिवशी प्लंबरच्या नंबरवर टाका आणि ठेकेदाराला कळवा. ठेकेदाराचा नंबर भाडेकरूलाही देऊन ठेवा, फक्त ठरावीक रकमेपर्यंतच्या कामाला तुम्हाला विचारायचं नाही आणि त्यापुढे विचारल्याशिवाय करायचं नाही, हे तिघांनाही एकाच मेसेजमध्ये सांगा.